पडकई

दिल्लीच्या भूमीला उतार नाही असे मी म्हटले, तर भूगोलाचे जाणकार मला अरवलीच्या अखेरच्या रांगेची आठवण करून देतील. ती रांग आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्याचे बालपण सह्याद्रीच्या खांद्यावर गेले, त्याला तिची गणना डोंगरात करण्यास जरा संकोच वाटतो. सरकारी कारकुनाच्या वाट्याला येथे एकच चढण येते, ती रायसीनाची, आणि तीही बहुधा बसच्या खिडकीतूनच चढावयाची असते. ह्या सपाट मुलुखात मी बारा वर्षे काढली. तेवढ्या काळात माझ्या नित्याच्या बोलण्यातून कितीतरी शब्द नाहीसे झाले. बांध, ताल, खाचर, राब, आवणी हे शब्द उच्चारण्याचा प्रसंगच येथे येत नाही. 'पडकई' हा शब्द तर पुण्यामुंबईच्या मराठी माणसालाही समजावून सांगावा लागतो, मग दिल्लीकरांची गोष्टच सोडा.

तो समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आणली ती कर्नालकडच्या एका सहकाऱ्याने. आमच्या कचेरीत कोणीतरी चीनमधील भातखाचरांचे एक छायाचित्र आणले होते. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पायऱ्यांमागून पायऱ्या, प्रत्येक पायरीत पाणी, आणि त्या पाण्यात उतरलेले सकाळचे आभाळ. सर्वांनी ते पाहून 'वाहवा' केली. हा गृहस्थ मात्र शेतकऱ्याचा मुलगा. चित्र बराच वेळ न्याहाळून त्याने विचारले, "पर पानी रुकता कैसे है?" मला त्याचा हा प्रश्न फार आवडला. बाकीच्यांनी रंग पाहिले होते, त्याने पाणी पाहिले होते.

त्याला तो प्रश्न पडावा हे साहजिकच होते. त्याच्या घरी भात पिकतो तो पाटासारख्या सपाट जमिनीत. तिथे शेत समतल करण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे लेझर किरणांवर चालणारे यंत्र जोडतात, आणि सगळ्या शेताची पातळी बोटा-दोन बोटांच्या आत आणतात. पाणी येते ते कूपनलिकेतून. ते इतके खोल गेले आहे की, जूनमधील ठरावीक तारखेच्या आधी भाताची लावणी करू नये असा कायदा पंजाब व हरियाणा ह्या दोन्ही राज्यांना २००९ साली करावा लागला. लावणी लांबली की कापणी लांबते, मग गव्हाच्या पेरणीला दिवस उरत नाहीत, आणि शेतातला पेंढा जाळण्याची घाई होते. त्याचा धूर कार्तिकात आम्हा दिल्लीकरांच्या छातीत उतरतो. असो. सांगावयाचे ते एवढेच की, त्याच्या भूमीत समतलपणा ही निसर्गाची देणगी आहे आणि पाणी ही खटपट आहे. आमच्याकडे नेमके उलटे. पाणी आभाळातून कोसळते, आणि समतल म्हणून जे काही आहे ते हातांनी घडवावे लागते.

चित्रातली ती खाचरे युन्नान प्रांताच्या दक्षिणेस, आयलाओ पर्वताच्या उतारावर आहेत. हानी नावाच्या लोकांनी ती सुमारे तेराशे वर्षांच्या काळात घडवीत आणली. २०१३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हानी लोकांची मांडणी मोठी विचारपूर्वक आहे. सर्वांत वर राखलेले रान, त्याखाली गाव, गावाखाली खाचरे, आणि तळाशी नदी. रानात मुरलेले पाणी पाटांनी गावात येते, गावातले शेणखत घेऊन ते खाचरांत उतरते. कोणाला किती पाणी द्यावयाचे ह्याचा निवाडा ते एका लाकडी ओंडक्याने करतात. पाटावर ओंडका आडवा टाकून त्यात कमीजास्त रुंदीच्या खाचा पाडतात, आणि ज्याच्या वाट्याला जशी खाच तसे त्याला पाणी. माझ्यासारख्या टिपणे व नस्त्या हाताळणाऱ्या माणसाला ह्या पद्धतीचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

पण सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला चीनपर्यंत जाण्याची गरज नव्हती. माझे गाव पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेत, घोड नदीच्या खोऱ्यात आहे. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. आम्हीही त्यांपैकीच. हिरडा गोळा करून रोख पैसा मिळवावा, माळावर नाचणी व वरई पेरावी, आणि जिथे जिथे म्हणून उताराला पायरी पाडता येईल तिथे भात लावावा, असे आमच्या पूर्वजांचे जीवन. आमचे एकही खाचर आयते मिळालेले नाही. दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा असतो, पण त्याच्या पोटात तीन-तीन पिढ्यांची हाडे झिजलेली असतात.

खाचर कसे पडते ते मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताखाली पाहिले आहे. कामाला सुरुवात शिमग्यानंतर होते, जमीन कोरडी झाल्यावर. प्रथम वरची काळी माती खरवडून एका बाजूला रास करून ठेवतात. तिला सोन्यासारखी जपतात, कारण तीच शेवटी वर पसरावयाची असते. मग उताराच्या खालच्या अंगाला, घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत, पाया खणतात. पायात सर्वांत मोठे धोंडे. ते पहारेने सरकवीत आणावे लागतात, आणि एका धोंड्याला चार-चार माणसे लागतात. त्यावर थरामागून थर चढतो. प्रत्येक थर किंचित डोंगराकडे कललेला असतो, म्हणजे मागच्या मातीने रेटा दिला तरी भिंत बाहेर झुकत नाही. दोन धोंड्यांच्या मध्ये चिपा ठोकतात. चुना नाही, सिमेंट नाही. भिंतीच्या पाठीशी बारीक दगडगोट्यांचा थर देतात. भिंत वर येऊ लागली की डोंगराकडची बाजू खणून ती माती भिंतीमागे ओढतात. भिंत खालून वर चढते आणि माती वरून खाली उतरते. दोघी एका पातळीला भेटल्या की खाचर झाले.

झाले म्हणावयाचे खरे, पण ते पोर असते. पहिल्या पावसाळ्यात भराव खचतो, पाणी कोठून तरी झिरपून जाते, आणि अर्धे भात पिवळे पडते. दरवर्षी चिखलणी करून, बैलांच्या पायांखाली माती मळून मळून, तळाशी एक घट्ट थर धरतो, तेव्हा कोठे पाणी ठरू लागते. पातळी पाहण्यासाठी आमच्याकडे वेगळे साधन नाही. खाचरात पाणी सोडले की ते आपणच सांगते. जिथे माती वर डोकावते तिथला चिखल फळीने ओढून खोलगट भागात न्यावयाचा. गवंड्याची पाणसळ काचेच्या नळीत असते, आमची पाणसळ दीड गुंठ्याची. खाचर वयात यायला पाच-सात वर्षे लागतात असे आबा म्हणत, आणि मुलीच्या लग्नासारखे त्या वर्षांकडे लक्ष ठेवीत.

माझ्या सहकाऱ्याला मी हे सर्व सांगितले तेव्हा त्याने दुसरा प्रश्न विचारला. इतके काम एका घराची चार माणसे करतात तरी कशी? ती करीत नाहीत. एका घराला एक खाचर पाडावयाचे तर ते जन्मभर पाडीत बसेल. म्हणून पडकई. दहा-पंधरा घरे एकत्र येतात. आज सर्वांनी मिळून एकाच्या उतारावर राबावयाचे, त्याचे पुरे झाले की दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. ज्याचे काम असेल त्याने त्या दिवशी जेवण घालावयाचे. मजुरी द्यावयाची नाही. माझ्या कामावर तुझ्या घरचा एक माणूस वीस दिवस आला, तर तुझ्या कामावर माझ्या घरचा माणूस वीस दिवस येईल. आजोबा हा हिशोब दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवीत. आजी दरवर्षी दिवाळीला ती भिंत सारवी, पण तेवढा तुकडा सोडून.

चीनमध्ये डोंगराला पायऱ्या पाडण्याची आणखी एक कथा घडली. शान्शी प्रांतात दाझाय नावाचे एक गाव आहे. ते भाताचे नव्हे, मका-ज्वारीचे. तिथल्या शेतकऱ्यांनी ओसाड घळींना बांध घालून शेते केली. १९६३ च्या पुराने ती वाहून नेली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा उभी केली. पुढल्याच वर्षी माओ-त्से-तुंगने साऱ्या देशाला आज्ञा केली की शेती दाझायकडून शिका. मग जिथे डोंगर होता तिथे पायऱ्या, आणि जिथे पायऱ्या शोभत नव्हत्या तिथेही पायऱ्या. कुरणे खणली गेली, रान तोडले गेले. १९९९ नंतर त्याच देशाला फार तीव्र उतारावरील शेती बंद करून तिथे पुन्हा झाडे लावण्याची योजना आखावी लागली. दाझायच्या लोकांचे कष्ट खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांचे कष्ट परिपत्रक होऊन देशभर फिरले, आणि परिपत्रकाला उतार दिसत नाही. परिपत्रके टंकलिखित करणे हा माझा व्यवसायच असल्यामुळे हे मत मी काहीशा अधिकाराने देत आहे. पडकईला आवतण लागते. आवतण देणाऱ्याला आपला उतार ठाऊक असतो आणि येणाऱ्यालाही तो ठाऊक असतो.

आमच्याकडेही सरकार पडकईपर्यंत पोचले, आणि ते बरेच झाले. डिंभे धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या 'शाश्वत' ह्या संस्थेने, पडकईला रोजगार हमीच्या कामांत स्थान मिळावे म्हणून दीर्घकाळ खटपट केली. तिला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर' पारितोषिकही मिळाले. ज्या घरांत उन्हाळ्यात चूल पेटण्याची भ्रांत होती, त्यांना आपल्याच रानात राबून पैसे मिळू लागले. केवळ एक अडचण राहिली. सरकारी मोजणी घनमीटरांत होते. किती माती हलली हे मोजता येते, चिपा किती निगुतीने ठोकल्या हे मोजता येत नाही. आबांना मोजणीच्या त्या वहीचे मोठे कुतूहल वाटे. "ह्यात आमचा कल कुठं लिवतात?" असे त्यांनी एकदा विचारले होते. कल म्हणजे भिंतीचा, डोंगराकडचा.

२०१४ च्या ३० जुलैला पहाटे माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. माळीण आमच्या गावापासून आडवाटेने तीन तासांच्या चालीवर. दीडशेवर माणसे गेली. सकाळच्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला, तेव्हा कोठे जगाला कळले. त्यात आमच्या आळीतल्या दोन लेकी होत्या, सासरी नांदत असलेल्या. कारणांची चर्चा पुष्कळ झाली. अतिवृष्टी तर होतीच. त्याशिवाय तोडलेली झाडे, उतारावरचे सपाटीकरण, अडलेला पाण्याचा निचरा, यंत्रांनी केलेली खोदाई, असे एकेक कारण पुढे येत गेले, आणि त्यातले प्रत्येक कारण खोडून काढणारेही भेटले. मी शास्त्रज्ञ नाही. परंतु तेव्हापासून आमच्या भागात खाचर ह्या शब्दाचा उच्चार थोडा हळू होऊ लागला, एवढे मात्र मी पाहिले. ज्याच्या जोरावर पिढ्या जगल्या तेच उरावर आले की काय, ही शंका मनात आणणेसुद्धा जड होते.

आबांनी त्यावर फार बोलून दाखविले नाही. तो पावसाळा सरल्यावर मात्र ते आमच्या प्रत्येक बांधाखाली जाऊन भिंतीला हात लावून पाहत होते. मी रजेवर गेलो होतो. मी विचारले तेव्हा म्हणाले, "रडती का बघतोय." भिंत रडली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. खाचरातले पाणी वर ठरावे, पण जे मुरले ते दगडांच्या फटींतून बाहेर आले पाहिजे. कोरडी भिंत त्यांना भीतिदायक वाटत होती, कारण मग पाणी आत कोठेतरी साचत असणार. माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाला मी पाणी कसे थांबते ते सांगितले होते. ते कसे जाऊ द्यावयाचे हे सांगण्याचे राहिलेच होते. नंतर कधीतरी डबा खाताना मी त्याला ते सांगितले. तो म्हणाला, सिमेंट लावले असते तर भिंत पडली असती. शेतकऱ्याच्या मुलाला फार समजवावे लागत नाही.

आमची स्वतःची भिंत फुटली ती २०२४ च्या जुलैअखेरीस. ओढ्याकाठच्या मोठ्या खाचराची, आजोबांच्या हातची, चाळीस हात लांब आणि पुरुषभर उंच. आंबेमोहर लावलेले ते एकच खाचर होते. घरच्या सणावाराचा तांदूळ त्यातून येई, आणि त्यातलाच एक पायलीभर दरवर्षी दिल्लीलाही येई.

दादाचा फोन आला. दादाचे म्हणणे असे की, आता यंत्र लावावे. जेसीबी दोन दिवसांत काम करून जाईल. मी पैसे पाठवावेत, बाकी तो पाहून घेईल. त्याचे म्हणणे अवाजवी नव्हते. त्याची कंबर दुखावलेली, मुले मंचरला शाळेत. गावातली तरणी माणसे चाकणच्या कारखान्यांत. पडकई करावयाची तर करावयाची कोणी? साठीपुढच्या चार-सहा माणसांनी? मी पैसे देण्यास तयार होतो. दिल्लीत बसून दुसरे काय देता येते?

आबा मात्र अडून बसले. यंत्राला पाया दिसत नाही, ते धोंडे लोटते, रचत नाही, इत्यादी त्यांची कारणे मला अपेक्षित होती. पण एक कारण अपेक्षित नव्हते. फोनवर ते म्हणाले, "पैकं दिलं म्हंजी फिटलं. मग त्यो पुन्यांदा आपल्या दारी कशाला यील?"

मी त्या वाक्यापाशी पुष्कळ दिवस थांबलो. आमच्या कचेरीत देणे फिटणे ही चांगली गोष्ट मानतात. थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला की माणूस मोकळा होतो. आबांच्या गणितात ज्याचे कोणाकडे देणे नाही आणि ज्याचे कोणी देणे लागत नाही, तो माणूस गावात राहत असूनही गावाबाहेरचा. पडकईचा हिशोब कधी पुरा होतच नाही. कोणाचे दोन दिवस जास्त, कोणाचे तीन कमी, आणि त्या उरलेल्या दिवसांच्या दोरीने घरे एकमेकांना बांधलेली. आमच्या घरचे दिवस आजोबांनंतर आबांनी आणि आबांनंतर दादाने भरले. दुसऱ्या मुलाच्या वाट्याचेही दादानेच भरले. तेव्हा यंत्र हवे असे तो म्हणाला, तर ते म्हणण्याचा अधिकार त्याला माझ्याहून जास्त होता. मी त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "अधिकार ऱ्हाऊ दे, तू येतोस का ते सांग."

२०२५ च्या मे महिन्यात मी अठरा दिवसांची अर्जित रजा घेतली. अर्जातील कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' असे लिहिले. पहिल्या दिवशी अकरा माणसे आली. त्यांत सात जण साठीच्या पुढचे, आणि चौघी बाया. साप्ताहिक सुटीला चाकणहून चार पोरे आली, त्यांतल्या दोघांनी पहार प्रथमच हातात धरली होती. माझीही तऱ्हा फारशी वेगळी नव्हती. तिसऱ्या दिवशी तळहात फुटले तेव्हा वहिनीने हळद-तेल लावले आणि मला चिपा गोळा करण्याच्या कामावर नेमले. ते काम बायकापोरांचे मानतात. आबा भिंतीजवळ दगडावर बसून असत, आणि थर चढला की काठी लावून कल पाहत. दोनदा त्यांनी रचलेला थर उतरवायला लावला. म्हातारे कुरकुरले, पण उतरवला.

पंचवीस हात भिंत झाली, आणि पाऊस आला. वळवाच्या सरी म्हणून आम्ही दोन दिवस वाट पाहिली, पण तो थांबेना. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो तिथे पूर्वी कधी नोंदलेला नव्हता. आमच्या डोंगरात तर त्याआधीच ओढे वाहू लागले होते. पंधरा हातांचे खिंडार तसेच उघडे राहिले. दादा काही बोलला नाही. यंत्र आणले असते तर काम केव्हाच उरकले असते, हे त्याला बोलण्याची गरज नव्हती. आबांनी खिंडाराच्या तळाशी मोठे धोंडे सपाट बसवून घेतले, म्हणजे वरच्या खाचरांचे पाणी त्यावरून उतरेल आणि माती कातणार नाही. त्या शेवटच्या दिवशी पावसात इरली घेऊन सहा माणसे आली होती. मी त्याच संध्याकाळी मंचरची गाडी धरली.

त्या हंगामात ते खाचर लावले गेले नाही. दिवाळीत दादाचा फोन आला. रचलेली भिंत उभी आहे, खिंडाराच्या कडेचे दोन दगड तेवढे सरकले. भिंत रडते का, असे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, आबा रोज जाऊन हात लावून येतात.

हिशोब आता भिंतीवर नाही. माझ्या शाळकरी पुतण्याने तो एका वहीत उतरवून मला पाठवला. आमच्या घरावर एकशे बेचाळीस दिवस आहेत. त्यांतले सर्वांत जास्त, सोळा, खालच्या आळीतल्या एका मावशींचे. त्या एकट्याच राहतात, आणि त्यांच्या वरच्या खाचराचा बांधही पोटातून फुगला आहे. पुढची पाळी त्यांची, असे ठरले आहे. आमचे पंधरा हात त्यानंतर. माझ्या खात्यावर एकशे सात दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. शिमगा झाला की दादा तारीख कळवणार आहे.